आतड्याचा दाह आणि खनिजांच्या गोळ्या: तपासणीपासून गोळी थांबवण्यापर्यंत

माझ्या आतेबहिणीला मागच्या पावसाळ्यात क्रोन्स डिसीजचे, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाचे, निदान झाले आणि दिवाळीनंतर एका दुपारी ती इंदूरच्या सुदामा नगरातून एक फुगलेली पिशवी घेऊन माझ्याकडे आली. "दादा, यातलं खरंच काय घ्यायचं आहे, ते तू एकदा बघ," एवढेच ती म्हणाली. पिशवीतून गोळ्यांचे सात पत्ते निघाले. त्यांतले दोन डॉक्टरांनी लिहून दिलेले होते. उरलेले पाच शेजारणीने सुचवलेले, औषधाच्या दुकानदाराने "अशक्तपणा असेल तर हे घ्या" म्हणून दिलेले, किंवा केस गळतात म्हणून तिने स्वतःच आणलेले होते. आम्ही ते जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि भिंग घेऊन मागची बारीक अक्षरे वाचायला बसलो. तीन पत्त्यांत जस्त (झिंक) होते, एकात ५०, दुसऱ्यात १५ आणि तिसऱ्यात १० मिलीग्रॅम, म्हणजे दिवसाला ७५ मिलीग्रॅम. लोह मात्र एकाही पत्त्यात नव्हते, आणि तिच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.६ होते.

मला स्वतःला चौदा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा तसाच दाह, आहे. त्या दुपारी टेबलावर जी उस्तवारी केली, तीच येथे क्रमाने मांडत आहे. मी डॉक्टर नाही. मात्रा ठरवण्याचे काम आपल्या पोटविकारतज्ज्ञांचेच आहे. पण कोणता प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावा, हे रुग्णाला माहीत असले तर त्या दहा मिनिटांच्या भेटीत बरेच काम होते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असावी

खनिजांच्या गोळ्यांनी आतड्याचा दाह शमत नाही. ते काम मेसालामाइन, स्टेरॉइड, अझाथायोप्रिन, बायोलॉजिक इंजेक्शने अशा औषधांचे आहे. दाहामुळे जे शरीरातून निघून गेले किंवा शोषलेच गेले नाही, तेवढेच खनिजे भरून काढतात. म्हणून "झिंकने आतड्याचे अस्तर बरे होते" अशा जाहिराती वाचून मूळ औषध कमी करण्याचा विचार मनात आला, तर तो तेथेच सोडून द्यावा. टाकीला भोक असताना वरून कितीही पाणी ओतले तरी पातळी चढत नाही. मात्र भोक बुजवल्यानंतर टाकी आपोआप भरते असेही नाही. दोन्ही कामे करावी लागतात.

गळती कोठे आहे, ते आधी पाहावे

निरनिराळी खनिजे आतड्याच्या निरनिराळ्या भागांत शोषली जातात. लोह मुख्यतः जठराच्या लगेच पुढच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये शोषले जाते. कॅल्शियम आणि जस्त तेथे व त्यापुढच्या लहान आतड्यात. मॅग्नेशियमचा बराच भाग लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात आणि काहीसा मोठ्या आतड्यात. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात असतो, त्यामुळे माझ्यासारख्याचे लोह शोषणाच्या जागेमुळे नव्हे, तर रोज थोडे थोडे रक्त गेल्यामुळे घटते. क्रोन्स लहान आतड्यात असेल, त्याचा एखादा तुकडा शस्त्रक्रियेत काढलेला असेल, किंवा महिनोन्महिने पातळ जुलाब होत असतील, तर जस्त आणि मॅग्नेशियमकडे लक्ष द्यावे लागते. स्टेरॉइड चालू असतील तर कॅल्शियम आणि हाडे हा वेगळाच विषय उभा राहतो. म्हणून पहिले काम म्हणजे आपला कोलोनोस्कोपीचा किंवा स्कॅनचा रिपोर्ट काढून दाह नेमका कोठून कोठपर्यंत आहे, ते एका कागदावर आपल्या भाषेत लिहून ठेवणे. बहिणीच्या कागदावर आम्ही लिहिले: "लहान आतड्याचा शेवटचा भाग, शस्त्रक्रिया नाही, स्टेरॉइड दहा आठवडे." पुढचे सगळे निर्णय या एका ओळीवरून झाले.

तपासण्या, आणि त्या एकट्या का वाचू नयेत

युरोपातील वैद्यकीय पोषणतज्ज्ञांच्या एस्पेन या संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत या रुग्णांच्या सूक्ष्म पोषकद्रव्यांची नियमित तपासणी करावी असे म्हटले आहे. साधारणपणे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती टक्के लोह आहे ते), कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि गरजेप्रमाणे जस्त, एवढे तपासले जाते. यांच्या बरोबरीने सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्यावी, कारण तिच्याशिवाय यांतले दोन आकडे चक्क फसवतात.

पहिला फेरिटिनचा. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पण दाह असताना साठा नसूनही तो आकडा वर चढतो. दाह नसताना ३० च्या खाली फेरिटिन असेल तर लोहाची कमतरता ठरते. दाह चालू असताना मात्र १०० पर्यंतचे फेरिटिनही कमतरतेशी सुसंगत मानले जाते, विशेषतः ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर. लॅबच्या छापील रिपोर्टवर अशा वेळी ६८ हा आकडा "नॉर्मल" म्हणून येतो आणि रुग्ण निश्चिंत होऊन घरी जातो. दुसरा आकडा जस्ताचा. तो उलट्या दिशेने फसवतो, म्हणजे दाहाच्या काळात रक्तातले जस्त खरी कमतरता नसतानाही खाली दिसते. सीआरपी चढलेली असताना जस्त किंचित कमी आले म्हणून लगेच मोठ्या मात्रेची गोळी सुरू करू नये.

मॅग्नेशियमचे दुखणे आणखी निराळे आहे. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तद्रवात असते, त्यामुळे रक्तातला आकडा ठीक असूनही साठा खालावलेला असू शकतो. पोटऱ्यांत वारंवार गोळे येत असतील आणि जुलाब लांबलेले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पत्त्यामागची अक्षरे कशी वाचावीत

गोळीच्या नावापुढचा मोठा आकडा हा क्षाराचा असतो. आपल्या कामाचा आकडा, म्हणजे त्या क्षारात प्रत्यक्ष खनिज किती ते, "एलिमेंटल" या शब्दापुढे असतो. कॅल्शियमच्या नेहमीच्या गोळीवर "कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलीग्रॅम" लिहिलेले असते, पण त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलीग्रॅमच असते, कारण कार्बोनेटमध्ये कॅल्शियमचे प्रमाण ४० टक्के आहे. सायट्रेटमध्ये ते सुमारे २१ टक्के असते. झिंक सल्फेट २२० मिलीग्रॅममध्ये जस्त ५० मिलीग्रॅम असते. सरकारी दवाखान्यात स्त्रियांना मिळणाऱ्या लाल गोळीत लोह ६० मिलीग्रॅम असते, आणि दुकानात मिळणाऱ्या फेरस अ‍ॅस्कॉर्बेटच्या गोळीत बहुधा १००.

घरातले सगळे पत्ते काढावेत, मल्टिव्हिटॅमिन आणि केसांच्या गोळ्यासुद्धा, आणि प्रत्येक खनिजाची एलिमेंटल बेरीज करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण बहिणीचे पंचाहत्तर मिलीग्रॅम जस्त याच बेरजेतून सापडले. केसांच्या गोळ्यांत बहुधा बायोटिन असते, आणि त्याने थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात, म्हणून रक्त देण्यापूर्वी ती गोळी घेत असल्याचे लॅबला आणि डॉक्टरांना सांगावे.

लोह: सर्वांत जास्त चुका येथेच होतात

मी केलेली चूक आधी सांगतो. दुखणे उसळलेले असताना मी आठ महिने मोहल्ल्यातल्या दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून दिवसातून दोनदा घेत होतो, आणि सकाळची गोळी पोहे आणि चहाबरोबर. हिमोग्लोबिन ९.२ वरून हलले नाही. पोट मात्र आणखी बिघडले. दोष गोळीचा नव्हता. एक तर चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषले जात नाही. दुसरे, दाह असताना यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि ते आतड्याच्या पेशींतून रक्तात जाणाऱ्या लोहाची वाटच बंद करते. अशा वेळी पोटात गेलेले बहुतेक लोह न शोषता मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तेथल्या आधीच सोललेल्या अस्तराला त्रास देते.

यातून निघणारा नियम साधा आहे. दुखणे शांत असेल, हिमोग्लोबिन १० च्या वर असेल आणि पूर्वी गोळीने त्रास झालेला नसेल, तर तोंडाने लोह घ्यावे, पण दिवसाला १०० मिलीग्रॅम एलिमेंटलपेक्षा जास्त नको. दुखणे उसळलेले असेल, हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल किंवा गोळी सोसत नसेल, तर शिरेतून लोह द्यावे, असे या विकारांच्या युरोपीय तज्ज्ञांच्या ईसीसीओ या संस्थेच्या सूचना सांगतात. शिरेतून एकूण किती द्यायचे, याचा ढोबळ हिशेबही त्यांत आहे. स्त्रियांत हिमोग्लोबिन १० ते १२ आणि पुरुषांत १० ते १३ असेल तर सत्तर किलोखालच्या व्यक्तीला १००० आणि त्यावरच्या व्यक्तीला १५०० मिलीग्रॅम. हिमोग्लोबिन ७ ते १० असेल तर अनुक्रमे १५०० आणि २००० मिलीग्रॅम. आयर्न सुक्रोज निवडले तर त्यासाठी अनेक फेऱ्या माराव्या लागतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एक-दोन बैठकांत संपते. पण या दुसऱ्या औषधाने रक्तातले फॉस्फेट खाली येऊ शकते. सलाईननंतर काही दिवसांनी थकवा कमी होण्याऐवजी वाढला, हाडे दुखू लागली, तर फॉस्फरस तपासण्याची आठवण आपणच करून द्यावी, कारण तो थकवा सहज "अजून रक्त कमी आहे" या खाती टाकला जातो.

तोंडाने लोह घेणाऱ्यांनी गोळी शक्यतो उपाशीपोटी, पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तासांचे अंतर ठेवावे. एक गोळी घेतल्यानंतर साधारण चोवीस तास हेप्सिडिन चढलेले राहते, त्यामुळे लोह एक दिवसाआड घेतले तर प्रत्येक गोळीतला शोषला जाणारा वाटा वाढतो. (इंदूरच्या बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे हे वेळापत्रक आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. माझी लोहाची गोळी नळाच्या दिवशी असते.) मात्र हे प्रयोग आतड्याचा विकार नसलेल्या, लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर झालेले आहेत, रक्त वेगाने जात असेल तर डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात.

लोहाने शौच काळपट-हिरवे होते, त्याने घाबरू नये. पण डांबरासारखे चिकट, घाण वासाचे काळे शौच झाले तर ते वरच्या आतड्यातले रक्त असू शकते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कोलोनोस्कोपी ठरली असेल तर लोह किती दिवस आधी थांबवायचे ते विचारून घ्यावे; बहुधा आठवडाभर आधी सांगतात, कारण काळ्या अवशेषांमुळे अस्तर नीट दिसत नाही.

घरगुती लोहभस्म किंवा मंडूर याबद्दल माझे मत रोखठोक आहे. धातुयुक्त औषधांच्या काही नमुन्यांत शिसे आणि पारा सापडलेला आहे, आणि सोललेल्या आतड्यावर असा जुगार खेळण्यात अर्थ नाही. घ्यायचेच असेल तर निदान आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

कॅल्शियम: स्टेरॉइड सुरू झाले त्याच दिवसापासून

प्रेडनिसोलोनने हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, म्हणून "नंतर बघू" हे येथे चालत नाही. आहार आणि गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व, हा सर्वसाधारण हिशेब आहे. आहारातले आधी मोजावे. दोनशे मिलीलीटर गायीच्या दुधात सुमारे २४० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. दूध सोसत नसेल तर दही बहुधा सोसते. उरलेल्या तुटीपुरतीच गोळी घ्यावी. एका वेळी ५०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम नीट शोषले जात नाही, म्हणून दोन गोळ्या असतील तर त्या दोन जेवणांत वाटून घ्याव्यात. कार्बोनेटला जठरातले आम्ल लागते, तेव्हा ते जेवणाबरोबरच घ्यावे. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर सायट्रेटबद्दल विचारावे.

क्रोन्समध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला किंवा फार खराब झालेला असेल आणि मोठे आतडे जागेवर असेल, तर कॅल्शियमचा आणखी एक उपयोग आहे. न पचलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला धरून बसते, त्यामुळे एरवी कॅल्शियमला चिकटून बाहेर जाणारे अन्नातले ऑक्झलेट मोकळे राहते, मोठ्या आतड्यातून रक्तात जाते आणि मूत्रपिंडात खडे होतात. जेवणाबरोबर घेतलेले कॅल्शियम त्या ऑक्झलेटला आतड्यातच अडवते. "खडे होतात, म्हणून कॅल्शियम बंद करा" हा घरोघरी मिळणारा सल्ला अशा रुग्णांच्या बाबतीत नेमका उलटा पडतो.

जस्त आणि मॅग्नेशियम

चव जाणे, तोंडाभोवती पुरळ येणे, जखम लवकर न भरणे आणि महिनोन्महिने जुलाब, ही लक्षणे एकत्र असतील तर जस्ताचा विचार करावा. डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी मोठी मात्रा देतात आणि मग ती थांबवतात. यात "ठरावीक आठवडे" हाच शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेत प्रौढांसाठी दीर्घकाळची वरची मर्यादा दिवसाला ४० मिलीग्रॅम धरली जाते. ती महिनोन्महिने ओलांडली तर तांब्याचे शोषण अडते, आणि तांबे कमी पडले की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, पायांत बधिरता येऊन चाल डगमगते. रक्तक्षय दिसला की घरचे लोक लोह वाढवतात, जस्त कोणाच्या लक्षातही येत नाही आणि खरे कारण पिशवीतच राहते. बहिणीचे तांबे तपासून घेतले. ते खालच्या सीमेवर होते.

मॅग्नेशियमची गंमत अशी, की ज्या जुलाबांमुळे ते कमी होते तेच जुलाब त्याच्या गोळीने वाढतात. बद्धकोष्ठासाठी घेतात ते मिल्क ऑफ मॅग्नेशिया म्हणजे दुसरे काय? म्हणून मात्रा थोडी थोडी करून जेवणाबरोबर घ्यावी आणि ऑक्साइड सोसत नसेल तर क्षार बदलून मागावा. फारच कमी झाले तर शिरेतून द्यावे लागते. मॅग्नेशियम कमी असेपर्यंत पोटॅशियम आणि कॅल्शियम कितीही दिले तरी वर येत नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षे घेतल्यानेही मॅग्नेशियम घटते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्येच तशी सूचना काढली होती.

पोटॅशियम स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. जास्त झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात. सेलेनियमची सुरक्षित मर्यादा अरुंद आहे, तेव्हा तपासणीशिवाय नको. दुखणे उसळले असताना जुलाबांत मीठ-पाणी जाते, त्यासाठी ओआरएसचे पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात घोळावे; एक लिटरचे मोठे पाकीट ग्लासभर पाण्यात नव्हे. बाहेरगावच्या एका डॉक्टरांनी बहिणीला फोनवर "शिकंजी प्या" म्हणून सांगितले होते, म्हणजे लिंबाचे सरबत. इंदूरची शिकंजी दुधाची, घट्ट आणि गोड असते, हे त्यांना ठाऊक नसावे. तिने दोन ग्लास प्यायले आणि रात्र न्हाणीघरात काढली.

दिवसाचे वेळापत्रक

बहिणीच्या फ्रिजवर आता एक कागद चिकटवलेला आहे. लोहाच्या दिवशी सकाळी उठल्यावर लिंबाच्या पाण्याबरोबर लोह, आणि चहा दोन तासांनी; दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात कॅल्शियम. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवावे. सिप्रोफ्लॉक्सासिन दिले असेल तर ते खनिजांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे, नाहीतर अँटिबायोटिकच शोषले जात नाही. आतडे एखाद्या जागी अरुंद झालेले असेल तर "नैसर्गिक खनिजे" म्हणून भुट्ट्याचा कीस किंवा इंदूरच्या सराफा बाजारातला गराडू (तळलेला कंद) खाण्याआधीही विचारावे. मक्याचे टरफल अरुंद जागी अडकते.

पुन्हा तपासणी आणि थांबवणे

लोह सुरू केल्यावर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण २ ने वाढायला हवे. वाढले नाही, तर गोळ्या दुप्पट न करता दाह, रक्तस्राव, बी-१२ आणि गोळीची वेळ, यांपैकी कोठे चुकते आहे ते डॉक्टरांबरोबर पाहावे. आकडे सुधारल्यानंतर पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी आणि पुढे सहा ते बारा महिन्यांनी तपासणी होते, कारण या विकारात लोह पुन्हा पुन्हा घटते. प्रत्येक गोळी सुरू करतानाच ती कोणत्या आकड्यावर किंवा कोणत्या तारखेला थांबवायची, हे डॉक्टरांना विचारून पत्त्यावर पेनाने लिहून ठेवावे.

बहिणीला स्टेरॉइडने दुखणे काबूत आल्यावर शिरेतून लोह दिले आणि सहा आठवड्यांनी तिचे हिमोग्लोबिन ११.८ झाले, एक दिवसाआडची गोळी फेरिटिन भरेपर्यंत चालू आहे. जस्ताचे तिन्ही पत्ते बंद आहेत, आणि तांब्याची तपासणी आखाजीच्या आठवड्यात पुन्हा करायची आहे.